छप्पर सापडतं, घर विचारावं लागतं

(या भागाचं हे लिखित रूप आहे. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त "म्हणजे"ची संख्या कमी केली आहे.)



आज मागं पाखरांचा आवाज येईल, मधूनच एखादी म्हैस बोलेल. सांभाळून घ्या. कारण आजचं रेकॉर्डिंग पुण्यातल्या खोलीत नाही, गावाकडं, आमच्या घराच्या माळवदावर बसून करतोय. गाव उमरी तालुक्यातलं, जिल्हा नांदेड. नांदेडहून रेल्वेनं निघालात की मुदखेडच्या पुढं आणि धर्माबादच्या अलीकडं उमरी स्टेशन लागतं. तिथून पुढं जीपनं आमचं गाव.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं आणि नोकरी लागली ती जरा वेगळ्या कामाची. विमानातून किंवा ड्रोनमधून काढलेल्या फोटोत इमारती शोधायच्या. म्हणजे माणसानं नाही शोधायच्या, कॉम्प्युटरला शोधायला शिकवायचं. आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घरं मोजायला पगार देतेत?" मी म्हटलं, देतेत. ती म्हणाली, "मग आपलं बी मोज की."

ते "आपलं बी मोज" किती महागात पडलं, त्याचीच आजची गोष्ट आहे. त्यात थोडं तंत्रज्ञान आहे, थोडी घरातली भांडणं आहेत. दोन्ही नीट सांगतो.

फोटोत घरच नाही

ऑफिसात आमचं एक मॉडेल होतं. फोटो द्यायचा, ते प्रत्येक पिक्सेलला विचारतं, तू इमारतीचा आहेस का? आणि इमारतींवर रंग भरून देतं. शहरांवर एकदम झकास चालायचं. मी हौसेनं आमच्या गल्लीचा वरून काढलेला फोटो त्याला दिला.

पत्र्याची घरं पकडली. स्लॅबची पकडली. जिल्हा परिषदेची शाळा पकडली. आणि आमचं घर? नाही. शेजारचं? नाही. जुनी सगळी माळवदाची घरं त्यानं "मोकळी जमीन" म्हणून सोडून दिली.

आज्जीला तोच फोटो मोबाईलवर दाखवला. डोळे बारीक करून बघितलं तिनं आणि म्हणाली, "ही तर नुसती माती दिसायली की रे लेकरा. आपलं घर कुठंय?"

मंडळी, लाखो फोटोंवर शिकलेलं मॉडेल आणि आमची आज्जी, दोघांचं उत्तर एकच आलं.

यात मॉडेलचा फारसा दोष नाही. या विषयात शिकणारे लोक जगभर ज्या डेटावर हात साफ करतात, त्यातले दोन सगळ्यात प्रसिद्ध संच जर्मनीतले आहेत. एक फायहिंगेन नावाच्या छोट्या गावाचा, ९ सेंटीमीटर पिक्सेलचा. दुसरा पॉट्सडॅम शहराचा, ५ सेंटीमीटरचा. तिथं लाल कौलं, उतरती छपरं, घराभोवती हिरवळ. छप्पर लाल आणि जमीन हिरवी असल्यावर ओळखायला काय लागतं? आपल्याकडं छप्पर मातीचं, अंगण मातीचं, गल्ली मातीची.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाड दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या आणि त्यावर मातीचा थर. ही माती कुठली? पांढरीची. जुन्या बोलीत गावाच्या जमिनीचे दोन भाग. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं उभी राहिली, पडली, पुन्हा त्याच जागी उभी राहिली, त्यातून वस्तीची ती फिकट, चिकट माती तयार झाली. तीच माळवदावर घालायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. थोडक्यात छप्पर आणि अंगण एकाच मातीचं. रंग वेगळा येणार कुठून?

रंग जमेना, मग उंची

मग डोक्यात आलं, रंग एकच असला म्हणून काय झालं, माळवद जमिनीपेक्षा दहा फूट वर आहे. फोटोला ते दिसत नाही, पण उंची मोजली तर दिसेल.

याच्यासाठी जे वापरतात त्याला डिजिटल एलिव्हेशन मॉडेल म्हणतात. नावाला घाबरू नका. चौकड्यांच्या वहीचा कागद गावावर अंथरलाय असं समजा. प्रत्येक चौकटीत एक आकडा लिहायचा, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. झालं मॉडेल.

यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की असे दोन कागद लागतात. एकात वरून जे पहिल्यांदा लागतं त्याची उंची. म्हणजे छपरावर छपराची, झाडावर शेंड्याची. याला सरफेस मॉडेल म्हणतात. दुसऱ्यात फक्त जमिनीची उंची, जणू घरं, झाडं कुणी उचलून बाजूला ठेवली. हे टेरेन मॉडेल. आता पहिल्यातून दुसरं वजा करा. समजा माळवद ३५३ मीटरवर आहे आणि त्याखालची जमीन ३५० वर. वजाबाकी ३. अंगणात वजाबाकी शून्य. रंग एक असू दे नाहीतर दहा, ३ आणि शून्य यात फरक करायला कुठलं एआय लागत नाही.

पण हे आकडे आणायचे कुठून?

नवशिक्या माणसाची पहिली चूक मीही केली. फुकट मिळणारं उपग्रहाचं मॉडेल डाऊनलोड केलं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानानं रडारनं अकरा दिवसांत जगाचा बराचसा भाग मोजला, त्याचा डेटा मिळतो. आपल्या इस्रोचंही आहे. २००५ साली कार्टोसॅट-१ गेला, त्याच्या दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून केलेलं मॉडेल भुवनवर मिळतं. दोन्ही कामाच्या गोष्टी आहेत. पाणलोट, धरण, डोंगर, रस्ते यांच्यासाठी उत्तम. पण त्यांची एक चौकट साधारण ३० मीटरची. आमची अख्खी गल्ली दोन चौकटीत बसते! त्यात घर शोधणं म्हणजे पोत्याच्या वजनावरून त्यातला एक दाणा ओळखणं. घरासाठी चौकट काही सेंटीमीटरची लागते आणि ती विमानातून किंवा ड्रोनमधूनच मिळते.

मग मित्राचा एक छोटा ड्रोन घेतला, २५० ग्रॅमच्या आतला. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला भाग ग्रीन झोनमध्ये आहे का ते बघितलं, सरपंचांना सांगितलं, आणि मे महिन्यात सकाळी लवकर ६० मीटरवरून उडवला. नांगर चालवावा तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टे मारत. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर बराचसा चढलेला पाहिजे. पाऊण भाग तरी.

का? रेल्वेत बसून खिडकीतून बघा. रुळाजवळचा लिंब झपकन मागं पळतो आणि लांबची टेकडी जागची हलत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. ड्रोन म्हणजे तीच खिडकी, फक्त खाली बघणारी. माळवद कॅमेऱ्याला जवळ, अंगण लांब. एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जाताना माळवदाचा दगड जास्त सरकतो, अंगणातला कमी. त्या सरकण्यावरून सॉफ्टवेअर उंची काढतं. वेब-ओडीएम नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोफत. रात्री फोटो देऊन झोपलो, लॅपटॉपचा पंखा रात्रभर घोंघावत होता आणि सकाळी दोन्ही कागद तयार.

जमीन शोधणं जास्त अवघड

आता एक गंमत सांगतो. सगळ्यांना वाटतं घर शोधणं अवघड. खरं तर जमीन शोधणं अवघड.

कॅमेऱ्याला छप्पर दिसतं, छपराखालची जमीन दिसत नाही. मग टेरेन मॉडेल बनतं कसं? सॉफ्टवेअर एक चौकोनी खिडकी गावावरून सरकवत नेतं आणि त्यात सगळ्यात खाली काय आहे ते बघतं. ती जमीन. तिच्यापेक्षा अचानक उठलेलं सगळं काढून टाकतं आणि पडलेली भोकं आजूबाजूच्या जमिनीवरून भरतं. दुसरी एक पद्धत २०१६ साली मांडली गेली, ती मला फार आवडते. सगळं गाव उलटं करायचं, म्हणजे घरं खाली लोंबतात, आणि वरून एक ताठ चादर सोडायची. चादर जिथं टेकते ती जमीन. घरांच्या खड्ड्यात ती शिरत नाही, कारण ताठ आहे.

पण बघा, खिडकीपेक्षा इमारत मोठी असली तर? कापसाच्या जिनिंगचं लांबरुंद शेड घ्या. खिडकी त्या शेडच्या मधोमध आली की तिला सगळीकडं पत्राच दिसतो. तिला वाटतं हीच जमीन. वजाबाकी शून्य आणि गावातली सगळ्यात मोठी इमारत गायब! मग खिडकी मोठी करा. मोठी केली की आमच्या गावची पांढर, जी मुळातच टेकाडावर आहे, ते टेकाडच इमारत ठरायला लागतं.

आणि गढी! मराठवाड्यात गावोगाव गढ्या आहेत, मातीच्या उंच तटाच्या. गढी जमीन की इमारत? आमच्या गढीचा अर्धा तट सॉफ्टवेअरनं इमारत धरला आणि ढासळलेला अर्धा जमीन. खरं सांगायचं तर मलाही ठामपणे सांगता येणार नाही.

शिवाय आमच्या गल्ल्या चार-पाच फुटी. दोन्हीकडून भिंती, सावली गडद. तिथं वरून जमीन दिसते ती एवढीशी चिंधी. तेवढ्या चिंध्यांवरून घरांखालच्या जमिनीचा अंदाज करायचा. म्हणून सकाळची तिरपी उन्हं टाळून दुपारी पुन्हा एकदा उडवावा लागला, सावल्या आखूड असताना.

मग वजाबाकी केली आणि दोन मीटरपेक्षा उंच ते सगळं ठेवलं. पडद्यावर आमचं घर उगवलं! मातीतून मातीचं घर वर आलं. मी आज्जीला ओरडून बोलावलं. तिनं बघितलं आणि विचारलं, "ह्ये शेजारी काय उगवलंय?"

तो लिंब होता. त्याच्या शेजारी कडब्याची गंजी. त्याच्या शेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली.

उंच असलेलं सगळं घर नसतं. लिंब हिरव्या रंगावरून काढला, आणि खडबडीतपणावरून. झाडाच्या शेंड्यावर शेजारशेजारच्या चौकटीतले आकडे वरखाली उड्या मारतात, छपरावर शांत असतात. ट्रॉली आकारावरून काढली, दहा-पंधरा चौरस मीटरपेक्षा लहान ते सोडून द्यायचं. कडब्याची गंजी मात्र निघेना. घराएवढी, सपाट, मातकट रंगाची. शेवटी हातानं पुसली. कॉम्प्युटरनं सगळं केलं असं जे सांगतात ना, त्यांच्या मागं कुणीतरी बसून गंज्या पुसत असतं.

हे सगळं कशासाठी

आता तुम्ही म्हणाल, घर तर डोळ्यासमोर आहे, त्याला आकाशातून शोधायचं कशाला?

काळीला सातबारा आहे. शेताच्या बांधाबांधाची नोंद आहे. पण हजारो गावांत पांढरीला, म्हणजे गावठाणातल्या घरांना, मालकीचा कागदच नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण ते घरपट्टीचं रजिस्टर, मालकीचा पुरावा नाही. शेतावर कर्ज मिळतं, घरावर मिळत नाही. भावाभावांत भांडण झालं तर दाखवायला नकाशा नाही.

आपल्या राज्यानं यात लवकर पाऊल टाकलं. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातलं सोनोरी, तिथं भूमी अभिलेख विभाग आणि सर्व्हे ऑफ इंडियानं ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. मग २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली आणि ११ ऑक्टोबर २०२० ला पहिल्या टप्प्यात सहा राज्यांतल्या ७६३ गावांना कार्डं देण्यात आली, त्यात महाराष्ट्रातली १०० गावं होती. आपल्याकडं त्याला मिळकत पत्रिका म्हणतात. नकाशा एकास पाचशेचा. जमिनीवरचे पाच मीटर कागदावर एक सेंटीमीटर.

उंचीचा कागद इथं दुहेरी कामाचा. एक तर घर ओळखायला. दुसरं, घर जागेवर आणायला. कॅमेरा बरोबर डोक्यावर नसेल तर फोटोत छप्पर बाहेरच्या बाजूला कलतं. हिशोब सांगतो. ड्रोन ६० मीटरवर, छप्पर ३ मीटर उंच आणि फोटोच्या मध्यापासून ३० मीटर बाजूला. ते छप्पर जमिनीवर जवळपास दीड मीटर सरकून दिसतं. गावठाणात दीड मीटर म्हणजे काय ते मी सांगायला नको. छपराची उंची माहीत असेल तरच त्याला परत जागेवर ओढता येतं.

आणि मराठवाड्यात घराची उंची म्हटलं की एक तारीख आठवतेच. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, किल्लारीचा भूकंप. लातूर आणि धाराशिवच्या गावांत हजारो माणसं गेली. त्यातली कितीतरी या माळवदांखाली. दरवर्षी गळती थांबवायला मातीचा नवा थर टाकायचा, तो साठत साठत फूट-दीड फूट व्हायचा, आणि ते सगळं वजन मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर. आज असं काही झालं तर आधीचा आणि नंतरचा उंचीचा कागद वजा करून काही तासांत सांगता येईल की कुठली छपरं खाली आली, आधी कुठं धावायचं. पण त्यासाठी आधीचा कागद तयार पाहिजे. रंगाच्या फोटोत पडलेलं माळवद आणि उभं माळवद, दोन्ही मातीच दिसतं.

माझी रेष

आता घरातली गोष्ट.

आमच्या गावात सरकारी ड्रोन येऊन गेला तेव्हा घरी कुणीच नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील, ते माझ्याकडं पुण्यात होते. मोठे काका शेतावर. उड्डाणाच्या आधी प्रत्येकानं आपल्या हद्दीवर फक्की मारायची असते, पांढऱ्या चुन्याची. ती रेष वरून स्पष्ट दिसते. दवंडी झाली होती, नोटीस लागली होती. आम्ही फक्की मारली नाही. चूक आमचीच. नकाशाचा कच्चा कागद चौकशीला आला तेव्हा अण्णांचं आणि काकांचं घर एकच ठोकळा. साहजिक आहे. मधे सामाईक भिंत, वर सलग माळवद. या टोकावरून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं, लहानपणी आम्ही पतंग उडवत पळायचो.

मी म्हटलं, त्यात काय, माझं कामच आहे ते. माझा ड्रोनचा डेटा घेतला, छपराची बाह्यरेषा काढली आणि बरोबर मधोमध एक रेष मारली. दोन भाऊ, दोन सारखे भाग. रंगीत प्रिंट काढली उमरीतून आणि ओसरीवर ठेवली.

काकांनी कागद उचलला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "तू शिकलेला माणूस. माझा अर्धा खण कुठं गेला तेवढं सांग."

मला खण म्हणजे काय तेच आठवेना! मंडळी, बीटेक, वर्षानुवर्षं घरं शोधतोय, आणि आपल्याकडं घर कशात मोजतात हे मला माहीत नव्हतं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमच्याकडं साधारण पाच फुटांचा. जुनी माणसं घर चौरस फुटात सांगत नाहीत, खणात सांगतात. आणि आज्जीनं सांगितलं, "तुझ्या आज्यानं वाटणी केली तवा पाच खण थोरल्याला, चार धाकट्याला. थोरल्यानं बहिणीची लग्नं केली म्हणून." नऊ खणांचं घर, मधोमध रेष मारली की साडेचार-साडेचार. काकांचा अर्धा खण, अडीच फूट, मी आमच्या घरात घेतला होता. कॉम्प्युटरच्या नावावर.

अण्णा म्हणाले, पोरानं मुद्दाम नाही केलं. काका म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर भांडलो असतो. मशीननं केलं म्हणतोस, मग मी भांडू कुणाशी?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दोन दिवस काका आमच्याकडं चहाला आले नाहीत. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं, असं आज्जी म्हणाली.

पाणी कुठं जातं

तिसऱ्या दिवशी आज्जी मला घेऊन माळवदावर आली. इथंच, आत्ता मी बसलोय तिथं. म्हणाली, "पाऊस पडल्यावर बघितलं नाहीस का कधी? काकाचं पाणी पाठीमागच्या पन्हळीतून जातंय, आपलं पुढल्या."

वाटणी झाल्यावर दोघांनी आपापल्या माळवदावर आपापली माती टाकली, आपापला उतार दिला. थरावर थर बसले. म्हणजे मधे कुठंतरी पाणलोट असणार, अगदी बारीक. डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला कळतो.

मी खाली पळालो. लॅपटॉप उघडला, तोच सरफेस मॉडेलचा कागद. आतापर्यंत मी त्याला एकच प्रश्न विचारला होता, दोन मीटरपेक्षा उंच आहे का? आता विचारलं, उतार कुठल्या दिशेला आहे? क्यू-जीआयएसमध्ये ते दोन क्लिकचं काम. आणि दिसलं! माळवदाचा एक भाग मागं उतरता, एक पुढं. मधली कड पुसट, मातीच्या ढेकळांनी खडबडीत, पण होती. काकांच्या टोकापासून मोजली, पंचवीस फुटांच्या आसपास. पाच खण.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मशीन जिंकलं. ती कड म्हणजे हद्द नाही. ती पाण्याची रेष. खालची भिंत दीड हात जाड, तिचा मध्य वरून दिसत नाही. माझ्या छोट्या ड्रोनचा जीपीएस साधा, त्यामुळं घर नकाशावर मीटर-दोन मीटर सरकलेलं असू शकतं. उंचीचा फरक बरोबर येतो, जागा नाही. सरकारी मोजणीत अचूक जीपीएस असतो, पक्के बिंदू असतात, म्हणून तीच ग्राह्य. माझा कागद पुरावा म्हणून कुठंच चालणार नाही आणि चालू नये.

पण त्यानं एक काम केलं. मी तो कागद घेऊन काकांकडं गेलो आणि म्हटलं, काका, माझी रेष चुकली, तुमची बरोबर होती, हे बघा, पाणी सांगतंय. काकांनी चष्मा लावला. "पावसाचं पाणी वरून दिसतंय व्हय?" म्हटलं, पाणी नाही, उतार. त्यावर ते म्हणाले, "उतार बी नको. चल, आत ये, तुळया मोज."

आम्ही आत गेलो. काका, अण्णा आणि मी. तुळया मोजल्या. पाच आणि चार. चौकशीच्या दिवशी दोघे भाऊ भिंतीपाशी शेजारी शेजारी उभे राहिले आणि मोजणीदारांना दोघांनी एकच जागा दाखवली. संध्याकाळी काका चहाला आले. साखर कमी आहे म्हणाले.

तुमच्यासाठी

आता जाता जाता कामाच्या गोष्टी.

तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल तर घरच्यांना आत्ताच फोन लावा. उड्डाणाच्या आधी फक्की मारा आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन मारा. पडकं घर, मोकळं खळं, गोठ्याची जागा यांच्यावर तर नक्कीच, कारण जिथं छप्पर नाही तिथं उंची नाही आणि उंची नाही तिथं मशीनच्या हिशोबानं काहीच नाही. पण हक्क असतो. पत्र्याचं छप्पर भिंतीच्या बाहेर फूटभर येतं, वरून पत्रा दिसतो, भिंत नाही, तेवढं नकाशात तपासा. चौकशीची तारीख चुकवू नका. हरकत तिथंच घ्यायची असते.

आणि ज्यांना हे काम शिकायचंय त्यांच्यासाठी. वेब-ओडीएम आणि क्यू-जीआयएस मोफत आहेत. गुगलचा ओपन बिल्डिंग्ज नावाचा नकाशा आहे, २०२१ ला आफ्रिकेपासून सुरू झाला, आता त्यात भारतही आहे. त्यात आपलं गाव उघडा. कुठली घरं सापडली आणि कुठली सुटली ते बघा. मग सुटलेल्या घरापाशी जाऊन उभे राहा आणि का सुटलं असेल ते शोधा. एवढं केलंत तर अर्धा विषय शिकलात. उरलेला अर्धा आज्जीला विचारा.

मी ऑफिसात परत गेल्यावर एक छोटा बदल केला. आमचं सॉफ्टवेअर सलग छप्पर एकच घर म्हणून पक्कं करायचं. आता दोन घरं असण्याची शक्यता दिसली की ते रेष मारत नाही. तिथं एक खूण ठेवतं आणि शेजारी लिहितं, "जागेवर विचारा."

बरं, ऊन चढायला लागलंय आणि खालून हाका येतायत. तुमच्या घराचे खण किती, ते घरी विचारून कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!